अकरावीचा ऑनलाइन प्रवेश, कोल्हापूर विभाग : यंत्र बरं, काटा सैल

शंभर रुपयांत मिळणारी ही सेवा आहे आणि दहावी झालेल्या जवळजवळ प्रत्येक घराला ती घ्यावीच लागते. त्यामुळे तिचं परीक्षण मोबाईलच्या किंवा मिसळीच्या परीक्षणाइतकं तरी काटेकोर व्हायला हवं. निकाल आधीच सांगून टाकतो : पोर्टलला १० पैकी ६, तेही अंतर्गत (म्हणजे शाळेनंच द्यायचे) गुण न धरता. जागावाटपाचं गणित सरळ आहे, पसंतीक्रम पाळला जातो, आणि पूर्वी कॉलेजच्या ऑफिसाबाहेर लागणाऱ्या रांगा बऱ्याच कमी झाल्या. पण या यंत्रात जे गुण ओतले जातात ते इतके फुगलेले आहेत, की उसाच्या ट्रॉलीच्या वजनकाट्यावर गुजरीतलं सोनं तोलायला बसल्यासारखं होतं. काटा खोटं बोलत नाही, पण तोळा-मासा त्याला दिसतच नाही. आणि अकरावीचा प्रवेश ठरतो तो तोळ्या-माशावरच.

कोल्हापूर शहराला केंद्रीय प्रवेश नवा नाही. शिक्षण उपसंचालक कार्यालयाच्या देखरेखीखाली शहरापुरती एकत्रित प्रक्रिया बरीच वर्षं चालत होती. २०२५ पासून मात्र संपूर्ण राज्याची अकरावी एकाच पोर्टलवर आली. त्याआधी हा ऑनलाइन कारभार मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती एवढ्यापुरता होता. आता करवीर, कागल, गडहिंग्लज, शिरोळ सगळे एकाच यादीत. विभाग म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे पाच जिल्हे. इथं एक गोष्ट लक्षात ठेवावी. बोर्डाचं कोल्हापूर विभागीय मंडळ फक्त पहिल्या तीन जिल्ह्यांचं आहे, कोकणचं मंडळ वेगळं. निकालाच्या बातमीतला ‘कोल्हापूर विभाग’ आणि प्रवेशाच्या पोर्टलवरचा ‘कोल्हापूर विभाग’ हे दोन वेगळे नकाशे आहेत. गुणवत्ता यादीत आपला क्रमांक अनपेक्षितपणे मोठा दिसला की पालक दचकतात, त्याचं एक कारण हेच.

आता काट्याकडे. दहावीला सहा विषय, ६०० गुण. टक्केवारी मात्र ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ने निघते, म्हणजे सर्वांत कमी गुणांचा विषय सोडून ५०० पैकी. हे धोरण २०१० मध्ये आलं. मुंबई उच्च न्यायालयानं ते रद्द केलं आणि सर्वोच्च न्यायालयातून ते परत आलं. उदाहरण घ्या : मराठी ९१, हिंदी ८८, इंग्रजी ८४, गणित ९६, विज्ञान ९४, सामाजिक शास्त्रे ९३. सहाही धरले तर ५४६, म्हणजे बरोबर ९१ टक्के. इंग्रजी सोडली की ५०० पैकी ४६२, म्हणजे ९२.४०. त्यात इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेची ‘अ’ श्रेणी असेल तर ७ गुण आणखी (‘ब’ला ५, ‘क’ला ३) : ४६९, म्हणजे ९३.८०. एकाच मुलीच्या एकाच अभ्यासाचे ९१ आणि ९३.८० असे दोन आकडे होतात, आणि पोर्टल दुसरा उचलतं. क्रीडा, शास्त्रीय कला, लोककला यांचेही गुण असेच वर चढतात. १०० टक्के पडणारी मुलं दिसतात त्यामागं बहुतेकदा हीच बेरीज असते. २०२५ ला राज्यात अशी २११ मुलं होती. त्यातली ११३ एकट्या लातूर विभागातली, कोल्हापूर विभागातली १२.

चित्रकला येणाऱ्या पोरीला ७ गुण मिळू नयेत असं आमचं म्हणणं मुळीच नाही. ते गुण विज्ञान शाखेच्या रांगेत उभं राहायला का लागावेत, एवढाच प्रश्न आहे.

सगळ्यात सैल भाग आहे तो २० गुणांचा. भाषांना ८० लेखी आणि २० तोंडी-अंतर्गत. गणिताला बीजगणित ४०, भूमिती ४० आणि अंतर्गत २०. विज्ञानाला ४०-४० चे दोन पेपर आणि प्रात्यक्षिकाचे २०. सामाजिक शास्त्रांनाही तसंच. पाच विषय धरले तर ५०० पैकी १०० गुण शाळेच्या हातात. सीबीएसईतही दर विषयात २० अंतर्गतच आहेत, तेव्हा या खोडीला एकाच बोर्डाचं नाव नको. हे गुण देणारी शाळा आणि ज्या निकालावर त्या शाळेचं नाव ठरतं ती शाळा एकच. शंभर टक्के निकालाचा डिजिटल बोर्ड चौकात लावायचा असेल तर २० पैकी १२ कोण देईल? २० पैकी १९ हातात असतील तर ३५ वर पोचायला लेखीत १६ पुरतात. आणि वरच्या टोकाला, जिथं सगळ्यांनाच १८, १९, २० मिळतात, तिथं हे १०० गुण कुणालाच कुणापासून वेगळं करत नाहीत. केले तरी चुकीच्या कारणानं करतात. एका मुलाचे लेखीत ४०० पैकी ३६० आणि अंतर्गत ९८ : बेरीज ४५८. दुसऱ्याचे लेखीत ३६६, पण त्याची शाळा कडक, अंतर्गत ९१ : बेरीज ४५७. लेखीत सहा गुणांनी मागं असलेला मुलगा यादीत पुढं.

हे अंदाजपंचे दाहोदरसे नाही; राज्यानं हा प्रयोग करून पाहिला आहे. २०१९ च्या परीक्षेला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले होते. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला निकाल ७७.१० वर आला. ९० टक्क्यांवरची मुलं राज्यात २८,५१६ राहिली, १०० टक्केवाली फक्त २०. ओरड झाली, अंतर्गत गुण परत आले, आणि २०२० ला निकाल ९५.३०, नव्वदीच्या वरचे ८३,२६२, शंभरवाले २४२. सगळा दोष त्या २० गुणांच्या माथी मारणंही बरोबर नाही. २०१९ हे दहावीच्या नव्या अभ्यासक्रमाचं पहिलं वर्ष होतं, आणि २०२० ला टाळेबंदीमुळं भूगोलाचा पेपरच रद्द होऊन सरासरीनं गुण दिले गेले. पण दोन्ही वर्षांतला फरक या दोन कारणांनी भरून निघण्याइतका लहान नाही. पुढं २०२१ ला परीक्षाच झाली नाही. नववीचे ५०, दहावीच्या वर्षातल्या लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० असं सूत्र लावलं आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. १०० टक्के मिळवणारे त्या वर्षी ९५७ होते. नंतर लेखी परीक्षा पूर्ववत झाल्या तरी आकडे २०१९ कडे परतले नाहीत : २०२२ ला ९६.९४, २०२३ ला ९३.८३, २०२४ ला ९५.८१, २०२५ ला ९४.१०. कोल्हापूर मंडळाचा २०२५ चा निकाल ९६.८७, कोकणच्या खालोखाल राज्यात दुसरा.

म्हणून घरात तुलना करताना सांभाळून. २०१९ ला दहावी झालेल्या थोरल्या ताईचे ८८ आणि आत्ताचे ८८ हे एकाच मापाचे नाहीत. ताईला त्या वर्षी मिळालेलं कॉलेज धाकट्याला ८८ वर मिळेल असं धरून पसंतीक्रम भरला की पहिली फेरी कोरडी जाते.

कोल्हापुरात याचा ताण नेमका कुठं येतो? जागांचा तुटवडा आहे असं नाही. राज्यात अकरावीच्या २१ लाखांच्या घरात जागा आहेत आणि प्रवेश घेणारी मुलं त्याहून कितीतरी कमी. २०२५ च्या पहिल्या यादीत सुमारे ६ लाख ३२ हजार जणांना जागा लागल्या, त्यातल्या सुमारे ४ लाख ५७ हजारांना पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं. शहरात विज्ञानासाठी विवेकानंद, न्यू कॉलेज, राजाराम; वाणिज्यासाठी सगळे ज्याला नुसतं ‘कॉमर्स कॉलेज’ म्हणतात ते; मुलींसाठी कमला; शिवाय गोखले, शहाजी, महावीर, आणि हायस्कूलला जोडलेली कितीतरी कनिष्ठ महाविद्यालयं. सगळी झुंबड मात्र विज्ञानाच्या अनुदानित तुकड्यांवर, त्याही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या कॉलेजांच्या. आणि इथंच फुगवट्याचं गणित अंगावर येतं. ५०० पैकी एक गुण म्हणजे ०.२० टक्के. ९० पासून ९५ टक्क्यांपर्यंत चढायला फक्त २५ पायऱ्या आहेत. त्या २५ पायऱ्यांवर पाच जिल्ह्यांतली नव्वदीपार पोरं दाटीवाटीनं उभी. दर पायरीवर गर्दी, त्यामुळं एका गुणानं क्रमांक शेकड्यांनी सरकतो. समान गुण असणाऱ्यांत क्रम कसा लावतात त्याचा नियम माहितीपुस्तिकेत दिलेला असतो, तो आधी वाचून ठेवा. नव्वदीच्या पट्ट्यात तो अपवादाचा नियम उरलेला नाही, रोजचाच झालाय.

कटऑफ, म्हणजे ज्या गुणांवर शेवटची जागा गेली तो आकडा, वाचायची रीत यातूनच येते. गेल्या वर्षीचा कटऑफ पोर्टलवर मिळतो, पण तो फेरीनिहाय, प्रवर्गनिहाय आणि कॉलेजच्या कोडनिहाय बघायचा. तिसऱ्या फेरीचा कटऑफ बघून पहिल्या फेरीचा अंदाज बांधू नये, किंवा उलटंही करू नये. टक्के सोडा, गुणांत मोजा : ९३.४० म्हणजे ४६७. आपले ४६२ असतील तर अंतर ५ गुणांचं, आणि या पट्ट्यात ५ गुण म्हणजे खूप. मग निकालाच्या दिवशी बोर्ड जाहीर करतं त्या तक्त्यात आपल्या मंडळातली नव्वदीपार मुलं गेल्या वर्षीपेक्षा वाढली की घटली ते पाहा. ठळक वाढ असेल तर कटऑफ एक-दोन गुणांनी वर सरकणार असं धरून चाला. पहिली गुणवत्ता यादी तात्पुरती असते. तिच्यावर हरकतीची मुदत असते आणि जात प्रवर्ग, क्रीडा गुण, बेस्ट फाइव्हची बेरीज हे सगळं तेव्हाच तपासून घ्यायचं. अंतिम यादी लागल्यावर ऑफिसात हात जोडून उपयोग होत नाही.

पोर्टलची प्रत्यक्ष वापराची बाजू. नोंदणी करताना भाग १ मध्ये वैयक्तिक माहिती, प्रवर्ग, दहावीचे गुण. राज्य मंडळाच्या मुलांचे गुण बैठक क्रमांक टाकला की आपोआप येतात, ही सोय खरंच उत्तम. सीबीएसई किंवा आयसीएसईच्या मुलांनी गुण हातानं भरून गुणपत्रक जोडायचं आणि मार्गदर्शन केंद्रावरून किंवा शाळेतून पडताळून घ्यायचं. पडताळणी झाल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही, आणि इथं मुदतीच्या शेवटच्या दिवशी गर्दी होते. भाग २ मध्ये पसंतीक्रम : किमान एक, जास्तीत जास्त १० कॉलेजं. २०२५ ला पहिल्याच दिवशी, २१ मे रोजी, पोर्टल कोलमडलं आणि नोंदणी २६ मेपासून नव्यानं सुरू करावी लागली. १० पैकी कापलेल्या ४ गुणांतला एक पूर्ण गुण त्यासाठी.

पसंतीक्रमात होणारी सगळ्यात महागडी चूक म्हणजे कॉलेजचं नाव बघून कोड न बघणं. एकाच कॉलेजचे विज्ञान अनुदानित, विज्ञान विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित असे वेगवेगळे कोड असतात. माध्यमही वेगळं असू शकतं. इमारत तीच, फाटक तेच, पण फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स किंवा क्रॉप सायन्ससारखा २०० गुणांचा द्विलक्षी (बायफोकल, म्हणजे व्यवसायाभिमुख) विषय हवा असेल तर त्या जागा कशा भरतात ते कॉलेजच्या ऑफिसात आधी विचारून घ्या. साध्या विज्ञानाला प्रवेश मिळाला म्हणजे द्विलक्षी मिळालं असं होत नाही.

दुसरी चूक पहिल्या पसंतीची. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं तर प्रवेश घ्यावाच लागतो. नाकारलात तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर, थेट ‘सर्वांसाठी खुली’ फेरी येईपर्यंत. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचं लागलं तर थांबता येतं. त्यामुळं ‘बघू तरी लागतंय का’ म्हणून पहिल्या जागी नको असलेलं कॉलेज टाकायचं नाही. मात्र आपल्या गुणांना अवघड वाटणारं पण खरोखर हवं असलेलं कॉलेज वर टाकायला भ्यायचं कारण नाही. यंत्र तुमच्या क्रमानं खाली उतरत जातं आणि बसेल त्या पहिल्या जागी थांबतं. वर अवघड नाव लिहिल्यानं खालची जागा हातची जात नाही. आमच्या मते वरच्या तीन जागा हव्याहव्याशा, मधल्या चार गुणांच्या आसपासच्या, खालच्या तीन नक्की मिळणाऱ्या आणि घरापासून केएमटीनं किंवा एसटीनं रोज जाता येतील अशा. दहाच्या दहा नावं त्याच तीन-चार गाजलेल्या कॉलेजांची वेगवेगळ्या कोडांनी भरणारे अर्ज दरवर्षी असतात, आणि पहिल्या यादीत नाव नसलेल्यांतही तेच.

जागा लागल्यावर आपल्या लॉगिनमधून प्रवेशासाठी पुढे जाण्याचं बटण दाबायचं, मग मूळ कागद घेऊन कॉलेजात, फी भरायची, आणि कॉलेजनं पोर्टलवर प्रवेश निश्चित केल्याची पावती हातात घेतल्याशिवाय घरी यायचं नाही. फी भरली पण कॉलेजकडून पोर्टलवर नोंद राहिली, ही तक्रार नवी नाही. प्रवेश रद्द केला तर नियमित फेऱ्यांचं दार बंद होतं, म्हणून रद्द करण्याआधी रात्रभर विचार करावा. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, ईडब्ल्यूएसचं (आर्थिक दुर्बल घटकाचं) प्रमाणपत्र यांच्यासाठी निकालाची वाट बघत बसू नका. जूनमध्ये सेतू केंद्रांवर जी गर्दी उसळते ती याच कामाची असते. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि ईडब्ल्यूएसच्या प्रत्येकी १० टक्के जागा आहेत, त्या केवळ कागद वेळेत न आल्यामुळं हुकलेल्यांची संख्या कमी नसावी.

कोट्यांचं थोडक्यात : संस्थांतर्गत (त्याच संस्थेच्या शाळांतल्या मुलांसाठी) १० टक्के, व्यवस्थापन ५ टक्के, अल्पसंख्याक संस्थांत ५० टक्के. या जागा वेगळ्या भरतात आणि उरलेल्या नियमित फेऱ्यांत येतात. म्हणजे ज्या कॉलेजात १२० जागा दिसतात तिथं कोटा आणि आरक्षण वजा जाता खुल्या गटाला किती उरतात ते कागदावर मांडून बघा. कटऑफ इतका चढा का, याचं अर्धं उत्तर तिथंच मिळतं.

एक गुण इतका महाग झाल्यामुळं गुणपडताळणीचं महत्त्वही वाढलंय. निकालानंतर ऑनलाइन अर्ज करता येतो. अलीकडच्या वर्षांतले दर : गुणपडताळणी विषयाला ५० रुपये, उत्तरपत्रिकेची छायाप्रत ४००, पुनर्मूल्यांकन ३००. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते. पडताळणीत फक्त बेरीज आणि न तपासलेले प्रश्न बघतात, उत्तराचं पुन्हा मूल्यमापन होत नाही. त्यामुळं दोन्हींतला फरक समजून पैसे घालावेत. आणि बेस्ट फाइव्हमध्ये जो विषय वगळला जाणारच आहे त्याच्यावर ७०० रुपये खर्च करण्यात अर्थ नाही, हा हिशेब गडबडीत सुटतो. लेखी पेपरचीच पुनर्तपासणी होते. अंतर्गत २० ना कुणी हात लावत नाही.

फुगवट्याचा खरा फटका प्रवेशानंतर बसतो. बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये वगळला जाणारा विषय बहुतेकदा इंग्रजी किंवा गणित असतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची इंग्रजी टक्केवारीतून गायब होते आणि त्याच मुलाला अकरावी विज्ञानाचं भौतिकशास्त्र इंग्रजीतून समजून घ्यायचं असतं. सेमी इंग्रजीवाल्यांना गणित-विज्ञानातल्या संज्ञा तरी ओळखीच्या असतात. गणितात ७१ असताना बाकीच्या पाचांवर ९२ टक्के पडू शकतात, आणि पोर्टलला तो ७१ दिसत नाही. म्हणून शाखा ठरवताना टक्केवारी झाकून ठेवा आणि गुणपत्रकावरचे गणित, विज्ञान आणि इंग्रजी हे तीनच आकडे बघा. त्यातूनही अंदाजे अंतर्गत २० वजा करून ८० पैकी किती पडले असतील याचा हिशेब करा. तिन्हींत लेखी ६५ च्या खाली असेल तर विज्ञान घेऊ नये असं नाही, पण अकरावीच्या पहिल्या सत्रात दमछाक होणार हे धरून चालावं.

पुढची गंमत अशी, की ज्या गुणांसाठी एवढा आटापिटा केला ते बारावीनंतर जवळजवळ निरुपयोगी ठरतात. अभियांत्रिकीला प्रवेश एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतल्या पर्सेंटाइलवर, म्हणजे किती टक्के मुलं आपल्या मागं आहेत त्या आकड्यावर. बारावीचे भौतिक, रसायन, गणित मिळून ४५ टक्के, राखीवला ४०, एवढी पात्रता पुरते. सीईटीत २०० गुण : गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, भौतिक आणि रसायनाचे ५०-५० प्रश्न एकेक गुणाचे. सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीवर, उरलेले बारावीवर, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मेडिकलला नीट. २०२४ पासून बीबीए, बीसीएलाही सीईटी आली. बोर्डाच्या गुणांवर विसंबून राहिलेल्या कॉमर्सच्या मुलांची त्या वर्षी चांगलीच धांदल उडाली आणि सीईटी पुन्हा घ्यावी लागली. दिल्ली विद्यापीठानं २०२१ ला काही अभ्यासक्रमांचे कटऑफ थेट १०० टक्क्यांवर नेले, आणि २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांत सीयूईटी आली. गुण फुगले की त्यांच्यावरचा विश्वास उडतो, विश्वास उडाला की प्रवेश परीक्षा येते, प्रवेश परीक्षा आली की क्लास येतो. कोल्हापुरात ‘इंटिग्रेटेड’ बॅचच्या नावाखाली चालणारा धंदा याच साखळीवर उभा आहे. नाव कॉलेजात, पोरगं क्लासात. तसं करायचं असेल तर गाजलेल्या कॉलेजसाठी ४६७ गुणांच्या मागं लागायची गरजच काय, हा प्रश्न आश्चर्यकारकरीत्या कुणी विचारत नाही. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत बीए, बीकॉम, बीएस्सीला मात्र अजून बारावीच्याच गुणांवर भागतं.

अकरावीलाही सीईटी आणायचा प्रयत्न झाला होता. २०२१ ला परीक्षा नाही म्हणून २१ ऑगस्टला १०० गुणांची ऐच्छिक सीईटी ठरली : इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे, प्रत्येकी २५. मुंबई उच्च न्यायालयानं १० ऑगस्टला ती रद्द केली. त्याआधी २००८ ला वेगवेगळ्या बोर्डांचे गुण एका मापात आणण्यासाठी पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, तेही न्यायालयात टिकलं नाही. २००९ चा ९०:१० कोटाही (९० टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांना, १० टक्के बाकीच्या बोर्डांना) नाही. यातलं पर्सेंटाइलचं सूत्र तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात शहाणपणाचं होतं असं आमचं मत. फुगवट्यावर तोच उतारा आहे, कारण सगळ्यांचे गुण वाढले तरी क्रम हलत नाही. पण ते एका बोर्डाच्या मुलांना झुकतं माप देण्यासाठी आणलंय असा समज झाला आणि त्यात ते बुडालं.

ज्यांचे गुण ८५ ते ९० च्या दरम्यान आहेत आणि इंजिनिअर व्हायचंच आहे, त्यांनी शासकीय तंत्रनिकेतनचा डिप्लोमा नजरेआड करू नये. त्याचा प्रवेशही दहावीच्या गुणांवर होतो, पण तंत्रशिक्षण संचालनालयाच्या वेगळ्या पोर्टलवर, वेगळ्या तारखांना. दोन्ही अर्ज भरता येतात. नंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

गडहिंग्लज, चंदगड, आजऱ्याकडच्या मुलांनी शहरात येण्याआधी खोलीभाडं आणि मेसचा खर्च कटऑफइतक्याच गांभीर्यानं मोजावा. शाहू महाराजांच्या काळापासून, १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून, कोल्हापूर वसतिगृहांचं गाव आहे. पण चांगल्या वसतिगृहातली खोलीही बऱ्याच ठिकाणी दहावीच्याच टक्क्यांवर मिळते, म्हणजे तिथंही तोच सैल काटा.

चौथ्या नियमित फेरीनंतर ‘सर्वांसाठी खुली’ फेरी येते. २०२५ ला ऑगस्ट सरत आला तरी फेऱ्या चालूच होत्या, आणि उशिरा प्रवेश घेतलेल्यांचे भौतिकशास्त्राचे पहिले धडे हुकले. पोर्टलवर प्रत्येक फेरीआधी रिक्त जागांची यादी लागते; ती कोडनिहाय बघा, कारण गाजलेल्या कॉलेजांच्याही विनाअनुदानित तुकडीत शेवटपर्यंत दोन-चार जागा राहतात.

सुधारणा मागायच्या तर दोनच : गुणवत्ता यादीत लेखी आणि अंतर्गत गुण वेगळे दाखवावेत, आणि समान गुणांच्या वेळी विज्ञान शाखेसाठी गणित, विज्ञान, इंग्रजीचे लेखी गुण आधी बघावेत. एवढं झालं तर १० पैकी ८ द्यायला आमची हरकत नाही. त्यावर आणखी एक, पहिल्या दिवशी सर्व्हर टिकला तर.